पिट्सबर्गला येताय? घर बघायच्या आधी बसचा नंबर बघा

दरवर्षी मे-जून आला की साताऱ्यात कुणाची तरी आई माझ्या आईला गाठते. "आमची पोरगी पण तुमच्या पोरीच्याच गावात निघालीय, जरा चार गोष्टी सांगायला सांगा की." मग मी व्हॉइस नोट पाठवते, सात-आठ मिनिटांची, आणि पुढच्या आठवड्यात तीच दुसऱ्या कुणाला. आता कंटाळा आला, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय. मी ऑगस्ट २०२१ ला इथे, म्हणजे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गला, आले आणि पहिल्या वर्षात करण्यासारख्या जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्या. व्हिसा, अ‍ॅडमिशन वगैरे यात नाही, त्यावर भरपूर लोक बोलतात. हे फक्त राहणं, फिरणं आणि इथल्या महापालिकेशी पडणारं काम याबद्दल.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात ठेवा. १९५० साली या शहरात पावणेसात लाख लोक होते आणि २०२० च्या जनगणनेत तीन लाख. पोलादाचे कारखाने बंद पडत गेले, ऐंशीच्या दशकात तर धडाधड, आणि माणसं निघून गेली. पण रस्ते, पूल, पायऱ्या, पाइपलाइन सगळं तेवढ्याच मोठ्या शहराचं राहिलं, आणि ते सांभाळायचं उरलेल्या तीन लाखांच्या कराच्या पैशातून. दिवा का लागत नाही, रविवारी बस एवढ्या उशिरा का येते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

१. आधी हे गोळा करा

- पासपोर्ट, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म), आणि दोन्हीच्या प्रती फोनमध्ये
- भाडेकराराची सही झालेली प्रत, तुमच्या नावासकट (चौघांत एकाचंच नाव टाकायचं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका)
- पत्त्याचा पुरावा म्हणून तुमच्या नावाचं लाइटबिल किंवा बँकेचं स्टेटमेंट
- विद्यापीठाचं आयडी कार्ड
- फोनमध्ये ट्रान्झिट अ‍ॅप, बस कुठे आहे ते त्यात दिसतं
- चांगल्या पकडीचे बूट. पुण्यातून आणू नका, तिकडचे इथल्या बर्फावर घसरतात. इथे येऊन घ्या.
- दोन-चार कापडी पिशव्या. ऑक्टोबर २०२३ पासून दुकानात प्लास्टिकची पिशवी मिळत नाही आणि कागदीचे पैसे लागतात. आई बॅगेत कोंबत असेल तर नाही म्हणू नका.

२. घर: नकाशातलं अंतर खोटं असतं

मी पहिलं घर पुण्यात बसून फोटो बघून घेतलं. नकाशा म्हणाला कॉलेज पंधरा मिनिटं चालत. मी म्हटलं, झकास. आल्यावर कळलं की नकाशात ज्याला स्ट्रीट म्हटलंय तो रस्ता नाहीच, जिना आहे. काँक्रीटचा, एका बाजूला लोखंडी कठडा, मध्ये दोन पायऱ्या तुटलेल्या. मी मोजल्या, ११८ भरल्या. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेली मी, पण पाठीवर लॅपटॉप आणि दोन्ही हातांत तांदूळ-डाळ घेऊन जानेवारीत त्या पायऱ्या चढायच्या म्हणजे वेगळाच प्रकार असतो.

असे सातशेच्या वर सार्वजनिक जिने या शहरात आहेत आणि कागदोपत्री त्यातले बरेच रस्तेच धरले जातात. कामगारांनी टेकडीवरच्या घरातून खाली कारखान्यात उतरावं म्हणून बांधलेले. दिसायला भारी दिसतात, उन्हाळ्यात फिरायलाही मजा येते, पण घर घेताना नकाशाचा उपग्रहवाला व्ह्यू उघडा आणि उंचसखलपणा बघा. शहर तीन नद्यांच्या काठी, मध्ये घळीच घळी, ४४६ पूल. समोरची गल्ली हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या जवळ असते, आणि तिथे पोचायला दीड मैलाचा वळसा.

म्हणून उलटं करा. आधी बस ठरवा, मग तिच्या थांब्यापासून सपाटीवर पाच-सात मिनिटांत येणारं घर शोधा. विद्यापीठं ओकलंड या भागात आहेत असं धरून सांगते:

६१ए, ६१बी, ६१सी, ६१डी या फोर्ब्स अ‍ॅव्हेन्यूवरून स्क्विरल हिलला जातात. चौघींमुळे ओकलंड ते स्क्विरल हिल सतत काहीतरी येत असतं, म्हणून आपली निम्मी जनता तिथे. ७१ वाल्या शेडीसाइड, हायलंड पार्क, पॉइंट ब्रीझ अशा बाजूंना जातात. ईस्ट लिबर्टी, होमवूड या बाजूला घर असेल आणि डाउनटाउनला, म्हणजे शहराच्या मध्यभागी, जायचं असेल तर पी१ बघा, ओकलंडला ती जात नाही. ती ईस्ट बसवेवरून जाते, म्हणजे रेल्वेरुळांच्या कडेने फक्त बससाठी बांधलेला रस्ता, १९८३ चा, सिग्नल नाही, ट्रॅफिक नाही. ईस्ट लिबर्टीहून डाउनटाउनला दहा-बारा मिनिटांत. पुण्याच्या बीआरटीत कोपर ठेवायला जागा नसताना उभे राहिलेल्या माणसाला हे बघून जरा भरून येतं.

आता सापळे. पहिला: इथे ट्राम आहे, तिला नुसतं 'टी' म्हणतात, रेड, ब्लू आणि सिल्व्हर अशा लाइन्स. लोक नकाशा बघून डॉरमाँट किंवा बीचव्ह्यूला स्वस्त घर घेतात, "ट्रेन आहे ना" म्हणून. टी ओकलंडला जात नाही! डाउनटाउनला उतरून बस बदलावी लागते. नोकरी डाउनटाउनला असेल तर मात्र टी एक नंबर.

दुसरा: पत्त्यात पिट्सबर्ग लिहिलंय म्हणजे ते पिट्सबर्ग शहरात आहेच असं नाही. या अ‍ॅलेगेनी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, १३० वेगवेगळ्या नगरपालिका आहेत. विल्किन्सबर्ग, माउंट लेबनन, पेन हिल्स सगळ्या स्वतंत्र, पण पोस्टाच्या पत्त्यात पिट्सबर्गच. कचरा, पार्किंग, कर, नगरसेवक सगळं बदलतं. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून नगरपालिका बघून घ्या, दोन मिनिटांचं काम.

तिसरा: फक्त कामाच्या दिवसाचं वेळापत्रक बघू नका, रविवारचं बघा. रविवारी जिथे तासाला एक बस असते तिथे तुम्ही रविवारी घरीच बसणार.

डिपॉझिटचंही सांगते, कारण माझं अडकलं होतं. पेनसिल्व्हेनियात पहिल्या वर्षी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत ते परत द्यावं लागतं, किंवा काय कापलं त्याची लेखी यादी. पण त्यासाठी तुमचा नवा पत्ता तुम्ही घरमालकाला लेखी कळवलेला पाहिजे. मी फोनवर सांगितला होता. "मला पत्ताच मिळाला नाही," म्हणाला भला माणूस. ईमेल करा, पत्रही टाका, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि राहायला गेल्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ.

३. विमानतळावरून घरी

२८एक्स. विमानतळ, डाउनटाउन, ओकलंड अशी सरळ बस, भाडं साध्या बसएवढंच, २.७५ डॉलर. टॅक्सीवाले याच्या दहापट आणि वर घेतात. दोन मोठ्या बॅगा चालतात, फक्त सुटे पैसे लागतात, ड्रायव्हर सुटे परत देत नाही. रात्री फार उशिराचं विमान असेल तर मात्र कुणालातरी घ्यायला बोलवा, थंडीत थांब्यावर बॅगा धरून प्रयोग करू नका.

४. बसमध्ये बसायचं कसं

हे सोपं वाटतं, आणि इथेच लोक फसतात.

विद्यापीठाचं कार्ड असेल तर पुढच्या दाराने चढा, मशीनला टेकवा, झालं. फुकट नाहीये ते, तुमच्या फीमधून पैसे आधीच गेलेत, त्यामुळे लाजू नका आणि भरपूर वापरा. डिग्री संपली की कार्डही थोड्या दिवसांत मुकं होतं, आणि मग चढून उभे राहिल्यावर लाल दिवा लागतो आणि मागे रांग. त्याआधी कनेक्टकार्ड घेऊन ठेवा. एक डॉलरचं कार्ड, त्यात पैसे भरायचे किंवा पास टाकायचा. आठवड्याचा २५ डॉलर, ३१ दिवसांचा ९७.५०.

विमानतळावरची ती पहिली बस सोडली तर रोख देऊ नका. कार्डावर पहिल्यांदा टेकवल्यापासून तीन तास बस बदलायला पैसे लागत नाहीत, रोख दिलेत तर ही सवलतच नाही, दुसऱ्या बसला परत पूर्ण भाडं. फोनवर रेडीटूराइड नावाच्या अ‍ॅपमधूनही तिकीट निघतं, पण ते चढायच्या आधी चालू करावं लागतं, दारात उभं राहून नाही.

इनबाउंड म्हणजे डाउनटाउनकडे जाणारी, आउटबाउंड म्हणजे तिथून बाहेर. बस, एवढंच. पण हे कुणी सांगत नाही आणि मी पहिल्या आठवड्यात दोनदा उलट गेले.

नंबरपुढचं अक्षर वाचा. ६१ नावाची एक बस नाही. स्क्विरल हिलला फोर्ब्स आणि मरे अ‍ॅव्हेन्यूच्या चौकात ए आणि बी सरळ जातात, सी आणि डी मरेवर वळतात. चौकापर्यंत कुठलीही पकडा, पुढे राहत असाल तर अक्षर बघूनच. मी एकदा झोपेत ६१बी मध्ये बसून पार ब्रॅडॉकला पोचले होते. समोर पोलाद कारखान्याची धुरांडी, अजून चालू असलेली, आणि मी कानातला हेडफोन काढून बघतेय की आपण आलो कुठे. ड्रायव्हर काकू म्हणाली, बसून राहा इथेच, पाच मिनिटांनी मीच परत नेते.

ओकलंडमध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू ओलांडताना दोन्हीकडे बघा. गाड्यांना एकेरी आहे पण कडेची बसची लेन उलट दिशेने वाहते. लोक एकाच बाजूला बघून पाय टाकतात. आणि सिग्नल हिरवा झाला की समोरची पहिली गाडी सरळ जाणाऱ्यांच्या आधी झपकन डावीकडे वळते, याला इथे पिट्सबर्ग लेफ्ट म्हणतात, कायद्यात नाही पण सगळे करतात, चालणाऱ्याने सांभाळायचं.

थांब्यावर पोचलात आणि खांबाला थांबा बंद असल्याचा कागद बांधलेला दिसला तर वैतागू नका, तो वाचा. डाउनटाउन ते ओकलंड जलद बससाठी रस्त्यांची कामं निघालीत, त्यामुळे थांबे हलतात. अ‍ॅप ते प्रत्येक वेळी बरोबर दाखवेलच असं नाही, कागद खरा धरायचा.

उतरताना पिवळी दोरी ओढा, आणि ड्रायव्हरला थँक यू म्हणा. इथे सगळे म्हणतात, मागच्या दाराने उतरणारेसुद्धा ओरडून म्हणतात. मी मागच्या वेळी पुण्यात पीएमटीतून उतरताना सवयीने म्हटलं तर कंडक्टरने माझ्याकडे असं बघितलं की काही राहिलंय का.

५. आई-बाबा आले की

इन्क्लाइन दाखवा. टेकडीवर दोरखंडाने चढणारे डबे, मोनोंगहेला इन्क्लाइन १८७० ची आणि ड्यूकेन १८७७ ची. टी ने स्टेशन स्क्वेअरला उतरलं की मोनोंगहेला इन्क्लाइन समोरच. वरून तीन नद्यांचा संगम दिसतो, माझे बाबा तिथे उभे राहून दहा मिनिटं आईला साताऱ्याजवळच्या माहुलीचा संगम सांगत होते. टी डाउनटाउन ते नॉर्थ शोअर मोफत आहे, नदीखालच्या बोगद्यातून जाते, त्यांना तेही आवडतं.

पेन हिल्सचं व्यंकटेश्वर मंदिर बघायचं असेल, १९७६ चं, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्यांपैकी, तर कुणाचीतरी गाडी बघा. बसने जाऊन वर चढणं म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही.

६. गाडी घेतलीत तर

पहिल्या वर्षी घेऊ नका, हे माझं मत. पोगो नावाच्या भाड्याच्या सायकली २०२२ पासून आहेत, विजेवरच्याही, चढावर त्याच घ्या.

घेतलीच तर: बऱ्याच गल्ल्यांत रहिवासी परवान्याशिवाय गाडी लावता येत नाही. परवान्याला पत्त्याचा पुरावा आणि त्याच पत्त्यावरची गाडीची नोंदणी लागते, म्हणजे न्यू जर्सीच्या चुलतभावाची गाडी आणलीत तर अडाल. एप्रिल ते नोव्हेंबर रस्ते झाडायचे दिवस असतात, पाटीवर वार लिहिलेला असतो, त्या दिवशी गाडी दिसली की दंड.

आणि खुर्ची. बर्फ पडल्यावर एखाद्याने तासभर फावडं मारून गाडीची जागा मोकळी केली की तो तिथे घरातली मोडकी खुर्ची ठेवून कामाला जातो. ती खुर्ची हलवायची नाही. कायद्याने त्या खुर्चीला काही अर्थ नाही. तरीही हलवायची नाही.

७. दिवा, कचरा, बर्फ: ३११

पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत असाल तर ३११ ला फोन करा किंवा त्यांच्या साइटवर तक्रार टाका. खड्डा, बंद दिवा, न उचललेला कचरा, तुंबलेलं गटार, तुटलेली पायरी. तक्रारीचा नंबर मिळतो, तो लिहून ठेवा. एकट्याने टाकून गप्प बसू नका, बाजूच्या तीन घरांनाही टाकायला लावा, आणि दोन आठवड्यांत हललं नाही तर तोच नंबर घालून तुमच्या भागाच्या नगरसेवकाच्या ऑफिसला ईमेल. आमच्या जिन्यावरचा दिवा असाच लागला, चौथ्या तक्रारीला.

गटाराची तक्रार क्षुल्लक वाटते ना? २८ जानेवारी २०२२ ला, माझा पहिला हिवाळा, सकाळी फ्रिक पार्कवरचा फर्न हॉलो पूल कोसळला. फोर्ब्स अ‍ॅव्हेन्यूचाच पूल, वर ६१बी ची लांब जोडबस. कुणी गेलं नाही हे नशीब, बर्फामुळे शाळा उशिरा होत्या म्हणून गर्दी कमी होती. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडेन पायाभूत सुविधांवर बोलायला शहरात येणार होते. पुढे चौकशीत निघालं ते असं की पाणी वाहून जायच्या वाटा तुंबलेल्या, पाणी आणि मीठ साचून पुलाचे पोलादी पाय गंजलेले, आणि तपासणीच्या अहवालांत हे वर्षानुवर्षं लिहिलेलं. नवा पूल त्याच वर्षाच्या डिसेंबरात उघडला. तेव्हापासून मी गटार बघितलं की फोन काढते, मैत्रिणी हसतात, हसू देत.

कचरा दर आठवड्याला, रिसायकलिंग एक आठवडा सोडून. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरचा फूटपाथ मोकळा करावा लागतो, ते तुमच्यावर की मालकावर हे करारात बघा.

८. नोकरी लागल्यावरचा कर

केंद्राचा आणि राज्याचा कर सगळ्यांना माहीत असतो. शहराचा तिसरा असतो तो कुणी सांगत नाही. पिट्सबर्गमध्ये राहत असाल तर मिळकतीवर ३ टक्के, १ महापालिकेचा आणि २ शाळांचा, आणि त्याचं रिटर्न वेगळं भरायचं, १५ एप्रिलपर्यंत. कर भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रिटर्न भरले म्हणजे संपलं असं समजून बसू नका, माझ्या एका रूममेटला दोन वर्षांनी पत्र आलं, दंडासकट.

९. सभेत जाऊन बोला, पण मतदार यादीत नाव घालू नका

आधी धोक्याचं. लायसन्स किंवा ओळखपत्र काढायला जाल तेव्हा स्क्रीनवर मतदार नोंदणीचा प्रश्न येऊ शकतो. सप्टेंबर २०२३ पासून पेनसिल्व्हेनियात ती नोंदणी तिथेच आपोआप पुढे सरकते, नको असेल तर नाही म्हणावं लागतं. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही. नाही म्हणा. घाईत हो दाबलंत तर पुढे व्हिसा आणि ग्रीनकार्डला भयंकर अडचण होते. काउंटरवरची बाई घाई करत असली तरी प्रत्येक स्क्रीन वाचा.

पण बोलायला नागरिकत्व लागत नाही. इथे राहता, भाडं भरता, एवढं पुरतं. नगर परिषदेत नऊ सदस्य आहेत, भागाप्रमाणे एकेक, मंगळवारी सकाळी दहाला ग्रँट स्ट्रीटवरच्या सिटी-काउंटी बिल्डिंगमध्ये बैठक. आधी नाव नोंदवायचं, तीन मिनिटं मिळतात. तुमच्या शेजारी मोठी इमारत येणार असेल तर शहराच्या नियोजन आयोगाकडे जाण्याआधी बिल्डरला त्या भागाच्या नोंदणीकृत रहिवासी संघटनेबरोबर जाहीर सभा घ्यावी लागते. खरं बोलायची जागा ती. आयोगासमोर विषय येईपर्यंत नकाशे पक्के झालेले असतात, या सभेत अजून पेन्सिलीने असतात. लॉरेन्सव्हिलमध्ये २०१९ पासून नियम आहे की २० किंवा जास्त घरांच्या नव्या इमारतीत दहा टक्के घरं कमी उत्पन्नवाल्यांना परवडणारी पाहिजेत, आणि नंतर तो आजूबाजूला पसरला. भाड्याने राहणाऱ्यांनी असल्या सभांना जाऊन जाऊन ते झालं. आपल्यातले लोक जात नाहीत, "आपल्याला काय, दोन वर्षांत निघून जायचंय" म्हणतात, आणि मग त्यातले निम्मे दहा वर्षं इथेच असतात.

मी पहिल्यांदा बोलले ते २०२५ मध्ये. पैसे नाहीत म्हणून बस सेवा ३५ टक्क्यांनी कापायचा, चाळीसच्या आसपास मार्ग बंद करायचा, रात्री ११ नंतर काहीच चालवायचं नाही आणि भाडं तीन डॉलर करायचा प्रस्ताव आला होता. सुनावणीला गेले. माझ्या आधी एक बाई बोलली, हॉस्पिटलात सफाईचं काम, शिफ्ट साडेअकराला सुटते, ती म्हणाली मी घरी कशी जाऊ ते तुम्हीच सांगा. मी लिहून नेलेली आकडेवारी घडी करून खिशात ठेवली आणि माझी ६१डी किती वाजता येते आणि तिच्यात कोण कोण असतं ते सांगितलं. शेवटी राज्याने भांडवली कामांचे पैसे रोजच्या खर्चाला वापरायची परवानगी दिली आणि ती कपात टळली. पण ते पैसे दोन वर्षांपुरतेच, म्हणजे तुम्ही याल तेव्हा हाच विषय परत टेबलावर असेल.

जायचं तर एवढं करा. नाव आदल्या दिवशीच नोंदवा. कागदावर तीन मिनिटांचं लिहा, म्हणजे साधारण एक पान, आणि घरी मोठ्याने वाचून वेळ लावा, कारण घंटा वाजली की माइक बंद. पहिल्या वाक्यात तुमचा भाग आणि बसचा नंबर सांगा. तुमचं आडनाव ते चुकीचंच पुकारतील, दुसऱ्यांदा पुकारायची वाट बघू नका, सरळ उठा.